घरात साखर असताना

पूर्वी ऑफिसात एखाद्याला बाजूला टाकायचं म्हणजे कष्ट पडत. तो कँटीनमध्ये शिरताना दिसला की चालू बोलणं तोडावं लागे, दुसरा विषय काढावा लागे आणि काढलेला विषय काही वेळ तरी ओढत न्यावा लागे. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून 'इथं कुणीतरी येणार आहे' असं सांगावं लागे, आणि मग कुणीच आलं नाही की जेवण संपेपर्यंत त्या पर्सकडे बघत बसावं लागे. चहाला जाताना त्याचं टेबल टाळून लांबचा वळसा घ्यावा लागे. एवढं करून संध्याकाळी पार्किंगमध्ये गाठ पडायचीच, आणि तिथं हसावंही लागे. दुसऱ्याला परकं करण्यात करणाऱ्याचाही बराच जीव खर्ची पडे. त्यामुळे काही महिन्यांत लोक कंटाळत आणि त्याला मुकाट्यानं चहाला घेऊन जात.

घरून करायच्या नोकरीत हे सगळे कष्ट वाचले आहेत. इथं कुणाला बाजूला टाकायचं तर काहीही करावं लागत नाही. काही न करणं पुरतं.

वाळीत टाकण्याच्या बाबतीत महाराष्ट्र कधी मागे नव्हता. गावकीनं, भावकीनं, जातपंचायतींनी हे हत्यार पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. त्या घराशी बोलायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. शेवटी राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. ज्यांनी ते भोगलं त्यांच्या दुःखाशेजारी आपलं गाऱ्हाणं नेऊन ठेवण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण तो कायदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कायद्याला आरोपी लागतो. कुणीतरी बैठक घेतलेली लागते, कुणीतरी निरोप फिरवलेला लागतो. माझ्या प्रकरणात कुणी काहीच केलेलं नाही, आणि तक्रार नेमकी तीच आहे.

मी सांगलीत राहते आणि माझी टीम पुण्यात, हिंजवडीत बसते. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून त्या लेखी कळवण्याचं. त्यामुळे लोकप्रियता मुळातच बेताची. २०२० च्या मार्चमध्ये सगळेच घरी गेलो, तेव्हा मात्र काही काळ अपूर्व समता नांदली. प्रत्येकाला सारख्याच मापाचा चौकोन होता. मॅनेजरच्या मागे दोरीवर टॉवेल वाळत असायचे, कुणाचं मूल मांडीवर चढून कीबोर्डवर हात मारायचं, आणि प्रत्येकाच्या घरातला कुकर आळीपाळीनं चर्चेत भाग घ्यायचा. मग ऑफिसं उघडली. बाकीचे आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले. मी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणि मुलाच्या शाळेसाठी, कंपनीच्या लेखी परवानगीनं, सांगलीतच राहिले. तेव्हापासून मीटिंगमध्ये पाच जण टेबलाभोवती बसतात आणि मी भिंतीवर असते.

आपल्याकडे माणसाला भिंतीवर कधी लावतात हे वेगळं सांगायला नको. फक्त हार तेवढा नाही.

भिंतीवरून दिसतं ते असं: टेबलाच्या टोकाला बसलेल्यांचे चेहरे, मधल्यांचे नुसते टाळू, आणि कॅमेऱ्याखाली बसलेल्याचा एक कोपर. टेबलावरचा माइक वेफर्सची पुडी फोडल्याचा आवाज तंतोतंत पोचवतो, बोलणाऱ्याचा तेवढा पोचवत नाही. मधेच सगळे एकदम हसतात. मीही हसते, कारण एकट्यानं गंभीर राहिलं की ते मोठ्या पडद्यावर फार मोठं दिसतं. मग विचारते, "काय झालं?" त्यावर उत्तर येतं, "काही नाही मॅम, इथलं आहे." या 'इथलं'ला उलट उत्तर नाही. तपशील विचारावा तर विनोदाचा जीव जातो आणि न विचारावा तर माझा.

वाढदिवसाला केक कापतात. माझ्या वाढदिवसालाही कापला, पुण्यात. "मॅम, तुमच्या वाटचा आम्ही खातो," असं सांगून त्यांनी तो प्रामाणिकपणे खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही इकडे खोलीत एकटीनं टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून सासूबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "आरती झाली होय गं?"

अमेरिकेतली मंडळीही आहेत. संध्याकाळी साडेसहाला, देवापुढं दिवा लावायच्या वेळी, त्यांचं 'गुड मॉर्निंग' येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की ते साडेसातला येऊ लागतं. हवामान आणि त्यांचा तो हातानं खेळायचा फुटबॉल यांवर ते आपसात बोलतात. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. ते परकेच आहेत आणि परक्यासारखे वागतात, यात हिशेब चोख आहे. जीव जळतो तो आपल्याच भाषेत हसणाऱ्यांमुळे.

अशा जळत्या जिवाला मग तपासाचं वेड लागतं. टीमचा एक अधिकृत ग्रुप आहे. त्यात सुट्ट्यांच्या तारखा, सर्व्हर बंद असल्याच्या सूचना आणि सणाच्या दिवशी फुलांची चित्रं येतात. एवढ्या निरोगी ग्रुपवर कुठलीही पाच माणसं समाधानी राहू शकत नाहीत, हे कुणालाही समजतं. तेव्हा दुसरा ग्रुप असणारच. पुरावेही सापडू लागतात. एकजण मीटिंगमध्ये 'ते कालचं' म्हणतो आणि बाकीचे गालातल्या गालात हसतात. अधिकृत ग्रुपवर एक मेसेज येतो आणि वाचायच्या आत डिलीट होतो. म्हणजे चुकून इकडे आला, मुळात तिकडचा होता. चुका शोधण्यात माझी उभी नोकरी गेली आहे. या बाबतीत मी कच्ची राहणं शक्यच नव्हतं.

मग उत्तरांची तपासणी सुरू होते. 'ओके' म्हणजे ठीक. 'ओक्के' म्हणजे स्वारी खुशीत आहे. 'ओके' आणि पुढे पूर्णविराम म्हणजे राग. नुसता अंगठा म्हणजे वाचलं, पण तुमच्यासाठी अक्षरं खर्च करण्याची इच्छा नाही. एका प्रयोगाचा आधार घेतला तर ही विद्या अगदीच डळमळीत आहे. २००५ साली अमेरिकी संशोधकांनी काही लोकांना ईमेलमधून कधी गंभीर, कधी उपरोधिक वाक्यं पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांची खात्री होती की शंभरातल्या ७८ वेळा समोरच्याला सूर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ वेळा कळला, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं त्याहून जेमतेम बरा. लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज डोक्यात ऐकू येत असतो, वाचणाऱ्याला नाही. म्हणजे पुण्यातल्या त्या पूर्णविरामात राग होता की मोबाइलनं दोनदा स्पेस दाबल्यावर आपोआप टाकलेला ठिपका होता, हे सांगलीतून ठरवणं केवळ अशक्य. तरी मी ठरवत असे. राग होता.

बोलण्यातही हीच गत. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी एक पंचमांश सेकंद जातो, असं जगभरच्या दहा भाषा तपासून २००९ साली अभ्यासकांनी दाखवलं. भाषाभाषांत थोडा फरक पडतो, पण फार नाही. एवढ्याशा फटीवर माणसाची सगळी भिस्त असते. उत्तर यायला जरा उशीर झाला की आपल्याला वाटतं, याला पटलं नाही, किंवा याचं लक्ष नाही. आता या फटीत इंटरनेट घाला. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं, की संभाषणात यंत्रामुळे सेकंद-सव्वा सेकंदाचा उशीर झाला तरी लोक समोरच्याला कमी लक्ष देणारा आणि कमी मनमिळाऊ ठरवतात. दोष तारेचा, शिक्का माणसावर. आमच्या रस्त्यावर बारमाही काहीतरी खणत असतात आणि जेसीबीच्या दातांना फायबर केबल नेमकी सापडते. मग मी मोबाइलच्या नेटवर येते, आणि पुण्यात माझी ख्याती 'मॅम फार विचार करून बोलतात' अशी होते. कधी दोघं एकदम बोलतो. "तुम्ही बोला." "नाही, तू बोल." "नाही नाही, तुम्ही." मग दोघंही गप्प बसतो, आणि मॅनेजर "ओके, पुढं जाऊ या" म्हणतो. माझं म्हणणं तिथंच राहतं.

आता शहाण्या माणसानं म्हणावं, की यात दुष्टावा कुणाचाच नाही, तेव्हा दुःख कशाचं? याचं उत्तर एका बागेत सापडलं आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. जवळच दोघं अनोळखी लोक फ्रिस्बी खेळत होते. ती चुकून यांच्याकडे आली, यांनी परत फेकली, आणि त्या दोघांनी ती पुन्हा यांच्याकडे टाकली. झाले हेही खेळात सामील. थोड्या वेळानं त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे टाकणं थांबवलं आणि आपसात खेळू लागले. थोड्या वेळापूर्वी जे लोक आहेत हेही ठाऊक नव्हतं, त्यांनी वगळलं म्हणून विल्यम्स यांना विलक्षण वाईट वाटलं. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन बायकोला सांगून मोकळा झाला असता. यांनी त्यावर उभं आयुष्य संशोधन केलं. २००० सालच्या सुमाराला त्यांनी हाच खेळ संगणकाच्या पडद्यावर आणला, आणि पडद्यावरच्या चेंडूसाठीही लोक खट्टू होताना आढळले. २००४ साली तर खेळणाऱ्यांना आधीच सांगितलं, की समोर माणसं नाहीत, नुसता संगणक आहे. तरीही चेंडू आला नाही तेव्हा त्यांना वाईट वाटलंच.

म्हणजे मन आरोपी शोधत नाही, हेतूही विचारत नाही. चेंडू आला की नाही, एवढं बघतं.

बरं, वाईट वाटलं तर रुसावं, हा आपल्या संस्कृतीनं दिलेला हक्क. पण रुसायला जागा लागते. लग्नात बघा. 'आम्हाला फोनवर सांगितलं, घरी येऊन अक्षत दिली नाही' म्हणून मामा रुसतात. रुसतात म्हणजे येतात. न येऊन कसं चालेल? कार्यालयात येऊन ते अगदी मागच्या खुर्चीवर, सगळ्यांना दिसेल असे एकटे बसतात आणि 'मला भूक नाही' म्हणतात. मग दोघं जाऊन त्यांना दंडाला धरून पंगतीत आणतात, जिलेबीचा आग्रह करतात आणि मानपान पुरा होतो. या सगळ्या व्यवहाराचा पाया एकच, की रुसलेला माणूस दिसला पाहिजे. मी रुसून कॅमेरा बंद ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या दिवशी बाकीचेही घरीच होते आणि नेट वाचवायला आणखी तिघांनी तो बंद ठेवला होता. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले तेव्हा बाहेर मुक्ताई उभी राहून विनवत होती, असं आपण लहानपणापासून ऐकतो. एवढ्या मोठ्या योग्यालाही दाराबाहेर कुणीतरी लागलं. माझ्या ताटीबाहेर काही दिवसांनी एचआरचा आपोआप सुटणारा मेल आला. 'आज तुम्हाला कसं वाटतंय? एक ते पाच तारे द्या.' मी तीन दिले. 'धन्यवाद' असं उलट उत्तर आलं, तेही आपोआप.

हे सगळे मनाचेच खेळ असते तर हसून सोडून देता आले असते. पण काही नुकसान वहीत मांडण्यासारखं असतं. कामातले निर्णय मीटिंगमध्ये होत नाहीत. मीटिंगमध्ये ते जाहीर होतात. होतात ते गेटबाहेरच्या टपरीवर, कटिंग आणि वडापावच्या मधल्या वेळात. एकदा एक बदल पुढच्या महिन्यावर ढकलायचं तिथं ठरलं, आणि मी सांगलीत अख्खी सकाळ तोच बदल तपासत बसले. कुणी लपवलं नव्हतं. "अरे, मॅमना सांगायचं राहिलंच," असं म्हणून सगळे मनापासून हळहळले. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीनं २०१० च्या अखेरीस आपल्या कॉल सेंटरच्या काही लोकांना नऊ महिने घरून काम दिलं, तेव्हा त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण कामाच्या मानानं त्यांना बढत्या कमी मिळाल्या. प्रयोग संपल्यावर घरच्यांपैकी जवळपास निम्मे लोक आपणहून ऑफिसात परतले, आणि कारण विचारल्यावर अनेकांनी एकटेपणा सांगितला. प्रवासाचा वेळ वाचत होता, काम जास्त होत होतं, घरचं गरम जेवण मिळत होतं, आणि तरी माणसं उठून गर्दीत गेली.

मात्र ऑफिस म्हणजे गोकुळ होतं, अशी माझी समजूत नाही. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी इंजिनिअर आपसात किती बोलतात हे त्यांच्या टेबलांमधलं अंतर मोजून तपासलं. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष असा, की अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं आटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळपास संपतं. सांगली-पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. पण ५० मीटरच्या पुढे सगळंच परदेश असेल, तर त्याच मजल्यावर पलीकडच्या टोकाला बसणाराही माझ्याइतकाच लांब. आपण ज्याला आपलेपणा म्हणतो तो बराचसा जवळ बसल्याचा परिणाम असतो. आवडीनिवडीचा त्यात फारसा संबंध नसतो.

हे मला लोकलनं शिकवलं होतं. माझी पहिली नोकरी मुंबईत होती. डोंबिवलीहून सीएसटीला, लेडीज डब्यातून. तिघींच्या बाकावर चौथी सीट असते, म्हणजे नसते. तिथं 'सरका जरा' म्हणून अर्धं अंग टेकवायचं आणि उरलेलं वाटेत लटकत ठेवायचं. त्या बाकांवर एक जुना ग्रुप होता. त्यांची डोहाळजेवणं, हळदीकुंकू, साड्यांची भिशी, सगळं त्या डब्यात होई. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आवडावी असंही काही नव्हतं; माझी बॅग त्यांच्या पायांवर आणि माझा गुडघा त्यांच्या वाटाण्याच्या पिशवीला लागत असे. अशा रोजच्या अडचणीनंतर एक दिवस एकीनं ती पिशवीच माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "रिकामी बसलीयस तर सोल की." त्या दिवसापासून मी ग्रुपमध्ये होते. त्यांना मी आवडू लागले होते असं नाही. वाटाणे जास्त होते.

घरच्या नोकरीत चौथी सीट नाही. इथं प्रत्येक भेटीला लिंक लागते, विषय लागतो, सुरू व्हायची आणि संपायची वेळ लागते. कुणाच्या वाटेत येण्याची सोयच नाही, मग कुणी वाटाणे कशाला देईल? काम असलं की बोलावतात, संपलं की 'लीव्ह'चं लाल बटण. आपल्या म्हणीतली ताकापुरती आजी निदान ताक घुसळताना दोन घरच्या गोष्टी तरी ऐकत असेल.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. माझी नोकरी त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येते, आणि भिंतीपलीकडून माणूस बराच कळतो. एक दिवस भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "काय गं, तुला हल्ली कुणी बोलावत नाहीत म्हणून तोंड उतरलेलं असतं होय?"

"तसंच काहीसं, आई."

"बोलावणं कसलं त्यात! आमची बदली जतकडं झाली तेव्हा सगळा गाव अनोळखी. मी वाटी घेऊन शेजारी जायची. म्हणायची, वाटीभर साखर असली तर द्या, उद्या आणून देते."

"इतकी साखर लागायची तुम्हाला?"

"साखर होती की घरात. डबा भरून होती." त्यांनी मेथीची जुडी उलटी केली. "उद्या परत करायला जाता येतं ना मग."

मी त्या वाक्यावर बराच वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी टीममधल्या सगळ्यात लहान मुलाला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं घाबरून विचारलं, "मॅम, प्रॉडक्शनला काही झालं का?" घरच्या नोकरीत अवेळी फोन येतो तो आग लागल्यावरच.

"नाही रे. मागच्या महिन्याच्या टेस्ट रिपोर्टची फाइल कुठं ठेवलीय आपण?"

फाइल माझ्या समोर उघडी होती. त्यानं कुठल्या फोल्डरमध्ये, त्यातल्या कुठल्या फोल्डरमध्ये, असं नीट समजावलं. मी 'हां, हां' करत ऐकलं. बोलणं संपलं, पण फोन ठेवायला थोडा उशीर झाला आणि तेवढ्यात माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली. "आज काय आहे तुमच्याकडे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आमटी-भात आणि मेथी." मग कळलं, की तो लातूरचा, वाकडला पीजीत राहतो, मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते, आणि दुपारी डब्यात काय आहे हे बघून तो कुणाच्या टेबलावर बसायचं ते ठरवतो. "आमचा ग्रुपच आहे त्यासाठी," तो म्हणाला.

मी श्वास रोखून विचारलं, "त्यात काय असतं?"

"काही नाही हो. जागा कोण पकडतंय, कुणाकडे भेंडी आहे, लिफ्टपाशी आहे, लवकर या. एवढंच."

"मला घे त्यात."

"तुम्हाला? सांगलीतून?" तो थोडा थांबला. तो उशीर नेटचा नव्हता. मग म्हणाला, "घेतो की."

त्या दिवसापासून, ते ऑफिसात असले की दुपारी साडेबाराला माझा फोन वाजायला लागतो. 'खाली या.' 'आलोच.' 'अरे कोपऱ्यातलं टेबल धर.' 'आज कुणीच पोळ्या जास्त आणल्या नाहीत का?' सासूबाईंनी एकदा चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "तुला कोण खाली बोलावतंय? आपण तळमजल्यावरच राहतो की." ज्या ग्रुपनं माझी झोप उडवली होती त्याच्याइतकं कंटाळवाणं वाचन मी कंपनीच्या धोरणांच्या पुस्तिकेतही केलेलं नाही. मात्र एक दिवस भेंडी आणि लिफ्ट यांच्या मधोमध कुणीतरी लिहिलं, 'रिलीज गुरुवारवर गेलं, मॅमना सांगा रे.' त्याखाली त्या मुलानं लिहिलं, 'मॅम इथंच आहेत.' मी पुढे अंगठा टाकला. त्यांना त्यात राग दिसला असेल तर इलाज नाही.

भिंतीवर मी अजूनही असते. हशा अजूनही अर्धाच पोचतो आणि टपरीवर जे ठरतं त्यातलं थोडंच भेंडीबरोबर इकडे येतं. तरी परवा दुपारी त्या मुलाचा मेसेज आला, 'मॅम, टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड काय आहे हो?'

तो पासवर्ड त्यानंच ठरवला होता आणि त्यानंच मला कळवला होता. मी लगेच फोन लावला आणि सविस्तर उत्तर दिलं.